धुतलेले उंबरे

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचे राजे गेले, त्यांची नाणीही आता कुणी ओळखत नाही. पण ही गोष्ट मात्र कुठं गेली नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी तर नक्कीच ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात एकच लांब गल्ली होती आणि गल्लीच्या दोन्ही अंगांना मातीची घरं होती. दिवस उजाडला की गावच्या बायका आपापला उंबरा धूत, त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढत आणि पुढं पांढरी रांगोळी घालत. उंबरा धुतलेला असला म्हणजे घर नांदतं आहे. उंबरा कोरडा दिसला म्हणजे घर उठलं. उठलेल्या घराला गावजेवणात पान नसे, विहिरीवर पाळी नसे, आणि त्या घरची मुलगी कुणी सून म्हणून नेत नसे. असं का, म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं म्हणत, "असंच असतं." एवढं म्हणून ती तपकीर ओढत.

या गल्लीत येसू नावाची बाई राहत होती. राहत होती, असं लोक म्हणत.

येसू अंबाडीचे दोर वळायची. नवरा तापानं गेला आणि त्याच्यामागं हळूहळू घरही गेलं. आधी मागची भिंत खचली. मग आढं मोडलं. मग एका वादळात छप्पर असं उडालं, की त्यातली एक काडीसुद्धा सापडली नाही. उरली ती फक्त गल्लीकडची भिंत, त्या भिंतीतलं दार आणि दाराखालचा उंबरा. दाराआड मातीची ढेकळं होती, माजलेले एरंड होते आणि वर आभाळ होतं.

मग येसू झोपायची कुठं? थोरल्या जावेच्या गोठ्यात. एका बाजूला येसू आणि तिची लेक तानी, दुसऱ्या बाजूला म्हातारी म्हैस, आणि मध्ये बांबूचा एक तट्ट्या.

पण 'गोठ्यात राहते' असं कुणी म्हणायचं नाही. त्यासाठी त्या गावात एक गोड शब्द होता. 'सोबतीला.'

"येसू कुठं असते गं हल्ली?"

"जावेकडं सोबतीला गेलीय."

कुंभाराचं कुटुंब भट्टीच्या आडोशाला राहायचं. ते भट्टीच्या सोबतीला गेलं होतं. कोष्ट्याची म्हातारा-म्हातारी देवळाच्या ओवरीत पडलेली असत. ती देवाच्या सोबतीला गेली होती. तीन भावांचे तीन संसार एका खोलीत कोंबलेले असत आणि एकाचं आवरून होईपर्यंत दुसरा बाहेर उकिडवा बसून राही. ते तर एकमेकांच्याच सोबतीला होते. त्या गावात सगळ्यांना सोबत होती. बेघर मात्र कुणीच नव्हतं.

रोज झुंजूमुंजू झालं की येसू घागर घेऊन मागच्या वाटेनं निघायची. एरंडातून, ढेकळांवरून वाट काढत आपल्याच पडक्या घरात शिरायची आणि आतून कडी काढून गल्लीत बाहेर यायची, जणू आत्ताच अंथरुणातून उठली आहे. कधीकधी ती जांभईसुद्धा द्यायची. शेजारच्या दारातून कुंभारीणही तशीच डोळे चोळत बाहेर यायची. दोघी एकमेकींकडं बघायच्या.

"झोप झाली का गं?" येसू विचारायची.

"मेल्या उंदरांनी झोपू दिलं नाही," कुंभारीण म्हणायची.

तिच्या घरात आता उंदरांनाही थारा उरलेला नव्हता, हे दोघींना ठाऊक होतं. मग दोघी खाली वाकून उंबरा धुवायच्या.

आता राजाबद्दल सांगतो. तुम्हाला वाटेल तो दुष्ट असेल. तसा तो नव्हता, आणि हीच तर अडचण होती. त्याच्या आजोबांनी एक चांगला नेम घालून दिला होता. जंगलाची तोड होई त्या वर्षी राजाची माणसं गावोगाव फिरत आणि जिथं घरं पडली असतील तिथं आढ्या-वाशांचं लाकूड फुकट देत. आजोबा मनानं मोठे होते. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "गरिबाच्या घरात राजाच्या माणसानं शिरू नये. त्याची फुटकी मडकी मोजू नयेत. बाहेरूनच उंबरा पाहावा आणि काय ते ओळखावं. माणसाची अब्रू राखावी."

आजोबांच्या वेळी ही माया होती. नातवाच्या वेळेपर्यंत ती सोय झाली. राजाचा कारभारी आता चालतही नसे. तो मेण्यात बसून यायचा. मेण्याच्या पडद्याखालून त्याला जेवढं दिसायचं तेवढंच तो बघायचा, आणि पडद्याखालून नेमके उंबरेच दिसत.

त्या वर्षी जंगलाची तोड झाली. दवंडी आली की कारभारी येतो आहे, मागून लाकडाच्या गाड्याही येताहेत.

त्या दिवशी विहिरीवर वेगळीच कुजबुज होती. कोष्ट्याची म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाई. कुंभाराच्या घराला लाकूड मिळेल. बिचाऱ्यांचे फार हाल आहेत."

कुंभारीण ठसक्यात म्हणाली, "आमचे कसले हाल? आमचं काय वाईट चाललंय? तुमचंच बघा, आजी. देवळात किती दिवस काढणार?"

"मी भक्तीनं राहते तिथं!" म्हातारी कडाडली. "आणि ही येसू काय कमी आहे? म्हशीशेजारी पोर वाढवतेय."

येसूचा चेहरा उतरला, पण तीही बोलून गेली, "म्हशीला सवय झालीय माझी. मी नसले की दूध चोरते ती."

सगळ्या हसल्या. हसता हसता प्रत्येकीनं दुसरीकडं पाहिलं. हिनं तरी उद्या उंबरा कोरडा ठेवावा, असं प्रत्येकीच्या मनात होतं. एकीनं ठेवला असता तर दुसरीनं ठेवला असता. पण पहिली व्हायला कुणी तयार नव्हतं.

तेवढ्यात पाटील आले. पांढरं पागोटं, हातात चांदीच्या मुठीची काठी. म्हणाले, "बायांनो, उद्या उंबरे असे लखलखले पाहिजेत की कारभाऱ्यांनी बघत राहावं. शेजारच्या गावात म्हणे निम्मे उंबरे कोरडे होते. शी! आपल्या गावावर असला डाग कधी लागला नाही." पाटलांच्या वाड्याला सागवानी आढं होतं आणि दुहेरी कौलं होती, हे सांगायला हवं का?

येसू गोठ्यात परतली. तानी दोरांसाठी अंबाडीचा वाख विंचरत बसली होती. मान खाली ठेवूनच ती म्हणाली, "आई, उद्या उंबरा नको धुऊस."

"खुळी आहेस का? नदीपलीकडच्या मंडळींनी तुला पसंत केलंय. पुढच्या महिन्यात सुपारी फुटायचीय. उंबरा कोरडा दिसला तर उलट्या पावली जातील."

"जाऊ देत. मला नवरा नंतर बघ. आधी एक भिंत बघ, पाठ टेकली तरी ओल लागत नाही अशी."

"तुला काय कळतंय? मी तुला नांदत्या घरातून सासरी पाठवणार आहे."

"कुठंय ते घर?" तानी म्हणाली. "मला दाखव तरी."

 दार ढकलून जाऊ आत आली. बाई कडक होती, पण तिनंच जागा दिली होती, हे येसू विसरत नसे.

"धाकटे, पोरीचं ऐकून भलतंसलतं करशील हो," जाऊ म्हणाली. "तुझा उंबरा कोरडा राहिला तर लोक आम्हाला विचारतील, भावजयीला गोठ्यात ठेवली होतीत का? आम्ही काय सांगायचं?"

"तुम्हाला खाली बघायला लावणार नाही मी, जाऊबाई," येसू म्हणाली.

जाऊ गेली. तट्ट्याच्या पलीकडून म्हैस बोलली. जुन्या काळी जनावरं बोलत असत, आणि माणसं तेव्हाही ऐकत नसत.

"येसू," म्हैस म्हणाली, "तू माझी निम्मी जागा घेतलीस, त्याचं मला काही वाटत नाही. पण हा गोठा आहे. मी या भिंतीला अंग घासत नाही, कधी पाहिलंयस का?"

"का नाही घासत?"

"ती पोकळ झालीय. गुराला कळतं ते. गुराला अब्रू नसते ना, म्हणून लवकर कळतं."

येसूनं कूस बदलली.

उजाडल्यावर ती मागच्या वाटेनं आपल्या घरात शिरली. घागर भरलेली होती. दाराची कडी काढून ती उंबऱ्याशी उभी राहिली. कोरडा उंबरा तिच्याकडं बघत होता. क्षणभर तिला वाटलं, घागर उलटी करून पाणी एरंडालाच घालावं आणि इथंच फतकल मारून बसावं. म्हणावं, या, बघा, माझं घर पडलंय. एवढंच तर म्हणायचं होतं. तिनं गल्लीत डोकावलं. कुंभारीणही आपल्या दारात घागर धरून उभी होती. पलीकडं कोष्ट्याची म्हातारी उभी होती. साऱ्या गल्लीत बायका हातात घागरी घेऊन तशाच थांबल्या होत्या.

मग कुणाच्या तरी दारात पाणी सांडल्याचा आवाज आला.

कुणी आधी ओतलं ते कधी कळलं नाही. पण तो आवाज ऐकल्यावर सगळ्यांनीच भराभर पाणी ओतलं. येसूनं उंबरा इतका घासला की लाकडाच्या रेषा उमटून दिसल्या. तिनं रांगोळीत कमळ काढलं. वर, दारावर, छप्पर आहे असं वाटावं म्हणून गवताच्या चार पेंढ्या ती आदल्या संध्याकाळीच बांधून गेली होती.

मेणा आला. पडद्याखालून कारभाऱ्यानं उंबरे पाहिले. एकाहून एक स्वच्छ, एकाहून एक सुंदर. त्याचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, खरंच भरून आले.

"पाटील, तुमचं गाव म्हणजे राज्याचा दागिना आहे," तो म्हणाला. "इथं एकही घर उठलेलं नाही!"

"आपली कृपा, सरकार."

लाकडाच्या गाड्या वेशीवरूनच वळल्या. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून, मागचं मोकळं आभाळ पदरानं झाकत, त्या बैलांच्या घंटा लांब जाताना ऐकत राहिल्या.

इतर बहुतेक गावांतूनही अशाच बातम्या राजधानीत पोचल्या, आणि जिथं उंबरे कोरडे होते तिथं लाकूड पोचलं. राजाला आनंद झाला. आपल्या राज्यात बेघर कुणी उरलं नाही, याचा उत्सव करायचं त्यानं ठरवलं. उरलेल्या लाकडाचा त्यानं त्यासाठी मोठा मंडप बांधायला घेतला. खांबांवर वेलबुट्टी कोरली आणि तुळयांना सोन्याचा मुलामा दिला.

पुढं श्रावण लागला आणि झड बसली. पाऊस मोठा नव्हता. पण थांबतच नव्हता. गोठ्याची भिंत ओल पीत राहिली.

एका दुपारी म्हशीनं खुंटा उपटला आणि ती भर पावसात बाहेर जाऊन उभी राहिली. येसू जावेच्या पडवीत दोर वळत होती. तिनं म्हशीला आत हाकललं. म्हैस हलेना.

"आत चल, गारठून मरशील."

"भिंतीला घाम फुटलाय," म्हैस म्हणाली. "पोरीला बाहेर बोलाव."

"सगळ्याच भिंती ओल्या आहेत गं," येसू वैतागून म्हणाली. तानी आत होती. गळणाऱ्या पाण्यातून वाखाच्या पेंढ्या उचलून कोरड्या कोपऱ्यात रचत होती. त्या वाखाचे दोर विकून तिच्या लग्नाचं लुगडं यायचं होतं. येसूनं हाक मारली, "तानी, जरा बाहेर ये गं!"

"आले आई, एवढी पेंढी ठेवते."

भिंत आवाज न करता बसली. मातीची भिंत अशीच बसते. दमलेलं माणूस खाली बसावं तशी.

लोक धावले. हातांनी माती उकरली. तानीला बाहेर काढलं तेव्हा तिच्या मिठीत वाखाची पेंढी होती, आणि ती कोरडी होती. तानी मात्र उरली नव्हती.

जाऊ ऊर बडवून रडली. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "येसू, आमच्या दारातून काढू पोरीला. आता कुणाची पर्वा नाही मला."

त्या गावची रीत होती, की माणूस शेवटचं निघतं ते आपल्याच उंबऱ्यावरून. येसू इतका वेळ दगडासारखी बसली होती. ती उठली.

"नाही, जाऊबाई. तिला घर आहे. साऱ्या गावाला ठाऊक आहे, तिला घर आहे. मी रोज उंबरा धुतलाय त्याचा. ती तिथूनच निघेल."

आणि तिनं लेकीला आपल्या घरात न्यायला लावलं.

सारं गाव मागोमाग आलं. येसूनं गल्लीकडचं दार सताड उघडलं, आणि इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिली. लोक उंबरा ओलांडून आत आले आणि पावसातच उभे राहिले. कुणी एरंडाखाली उभं राहिलं, कुणी ढेकळांवर. पाटीलही आले. त्यांचं पागोटं भिजलं आणि त्याचा चुना कपाळावर उतरला. ते पांढरं पागोटं चुन्यानं रंगवलेलं होतं, हेही त्या दिवशीच कळलं.

तेवढ्यात गल्लीत मेणा आला. मंडपाच्या उत्सवात मानाचं पान या गावाला द्यायचं ठरलं होतं, आणि ते आमंत्रण घेऊन कारभारी स्वतः आला होता. गर्दीमुळं भोयांना पुढं जाता येईना. काय झालं ते बघायला कारभारी खाली उतरला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं एका गरिबाचा उंबरा ओलांडला.

समोर तानी होती. तिच्या चेहऱ्यावर पाऊस पडत होता.

"अरे, तिला अंगणात का ठेवलंय?" कारभारी कळवळून म्हणाला. "आत घ्या. निदान आता तरी पोरीला आत घ्या!"

येसूनं वर पाहिलं.

"आतच आहे ती, सरकार," ती म्हणाली. "हे आमचं माजघर. तुम्ही उभे आहात ना, तिथं माझी चूल होती."

कारभाऱ्यानं पायाखाली पाहिलं. मग वर पाहिलं. वर काहीच नव्हतं.

"पण उंबरा..." तो पुटपुटला. "मी स्वतः पाहिला होता. त्यावर कमळ होतं."

"होतं ना," येसू म्हणाली. "मीच काढलं होतं. तुमच्यासाठी."

 मग मागून कुंभारीण पुढं आली. रडून तिचा आवाज बसला होता. "माझंही बघा, सरकार," ती म्हणाली आणि शेजारच्या घराचं दार तिनं ढकललं. दाराआड आभाळ होतं. पुढचं दार कोष्ट्याच्या म्हातारीनं ढकललं. तिथंही आभाळ होतं. मग गल्लीत एकामागून एक दारं उघडत गेली.

तानीला त्या उंबऱ्यावरूनच नेलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत एकही उंबरा धुतलेला नव्हता.

कारभारी राजाकडं गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. राजा रडला, आणि त्यानं मंडप उतरवायला लावला. पण कोरीव कामासाठी लाकूड तासून तासून बारीक झालं होतं, तुळया आखूड कापल्या गेल्या होत्या. ते सगळ्यांना पुरलं नाही. आणि गाड्या गावात पोचेपर्यंत पावसाळा संपला होता. त्याआधी भट्टीचा आडोसा पडला होता, आणि ओवरीतल्या गारठ्यानं कोष्ट्याच्या म्हाताऱ्यालाही नेलं होतं. राजाचं रडणं खरं होतं. ते उशिराचं होतं, एवढंच.

पहिलं छप्पर येसूच्या घरावर चढलं. त्याच्या एका वाशावर अजून सोन्याचा मुलामा होता. तिनं चार भिंती सारवल्या, चूल मांडली, पण गल्लीकडच्या चौकटीचं जुनं दार काढलं ते परत काही लावलं नाही. म्हैस पावसापाण्याची तिच्याकडंच यायची.

"दार लाव की गं," जाऊ म्हणायची. "वारा येतो."

"येऊ दे," येसू म्हणायची. "वाटेनं जाणाऱ्यांना आतपर्यंत दिसू दे."

तेव्हापासून त्या राज्यात नवा नेम झाला, की कारभाऱ्यानं पायी जावं आणि प्रत्येक घरात शिरून, छपराखाली बसून, तिथलं पाणी प्यावं. बसायला छप्परच नसेल, तर त्या गावातून पाणी न पिताच राजाकडं परतावं आणि लाकूड घेऊनच पुन्हा यावं. येसूच्या घरी त्याला पहिलं पाणी मिळालं. 

म्हणून सांगतो: गरिबाचं घर पाहायचं असेल तर उंबऱ्याशी थांबू नये, आणि निवारा नसल्याची लाज ज्याला निवारा नाही त्यानं नव्हे, तर त्याच्या गावानं आणि त्याच्या राजानं बाळगावी.